क्यू स्पोर्ट्सची आंतरराष्ट्रीय शिखर संघटना कशी उभारावी

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल यांसाठी आंतरराष्ट्रीय शिखर संघटना काढायची ठरली की पहिली बैठक बहुधा तीनच विषयांवर होते: नाव काय, अध्यक्ष कोण आणि कचेरी कुठे. क्यू स्पोर्ट्समध्ये हे तिन्ही विषय शेवटी यायला हवेत. हातातला क्यू (बॉल मारायची काठी) सोडला तर या खेळांत समान असं फार थोडं आहे. स्नूकरचं टेबल बारा फुटी, पूलचं नऊ फुटी, आणि कॅरम बिलियर्ड्सच्या टेबलाला तर पॉकेट, म्हणजे बॉल पडायची भोकंच नसतात (बोर्डवरच्या कॅरमशी याचा काही संबंध नाही). खेळाडू वेगळे, प्रायोजक वेगळे, प्रेक्षकही वेगळे. त्यांना एका छत्रीखाली आणताना भांडण चारच गोष्टींवरून पेटतं. ‘जागतिक विजेता’ हा किताब कोण देणार, नियमपुस्तक कोणाच्या मालकीचं, स्पर्धेला मंजुरी कोण देणार आणि मंजुरीबाहेरच्या स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूचं काय करायचं. या चार प्रश्नांची उत्तरं सह्यांसकट हातात येईपर्यंत स्थापना-सभेची तारीख जाहीर करू नये.

आधी काय उभं आहे ते पाहा

हे मैदान रिकामं नाही. कॅरम बिलियर्ड्सची युनियन माँडियाल द बिलार्ड ही संघटना १९५९ पासून आहे. इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकरसाठी १९७१ मध्ये स्थापन झालेली जागतिक परिषद १९७३ पासून इंटरनॅशनल बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन या नावाने ओळखली जाते. पूलची वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली आणि १९९० मध्ये नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या सगळ्या शाखांची छत्री म्हणून १९९२ मध्ये वर्ल्ड कॉन्फेडरेशन ऑफ बिलियर्ड्स स्पोर्ट्स स्थापन झाली. तिला १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये जपानमधल्या अकिता इथे झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची बहुक्रीडा स्पर्धा) हे खेळ दिसले.

या क्रमाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट कळते. शाखा आधी, छत्री नंतर. ऑलिंपिक समिती एका खेळासाठी एकच संघटना ओळखते. स्नूकर, पूल आणि कॅरम बिलियर्ड्स यांनी तीन अर्ज घेऊन तिच्या दारात जाण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून छत्री लागली. दुसरी गोष्ट म्हणजे छत्री असली तरी शाखेच्या आतली फूट थांबत नाही. स्नूकरमध्ये जुनी संघटना असतानाच २०१७ मध्ये वर्ल्ड स्नूकर फेडरेशन निघाली.

तेव्हा तुमच्यापुढे तीनच वाटा आहेत. तुमचा क्यू-प्रकार अजून कोणाच्या छत्रीखाली नसेल, तर त्याची स्वतंत्र शाखा-संघटना काढून छत्रीत प्रवेश मागायचा. ही वाट सगळ्यात सोपी. दुसरी वाट म्हणजे आहेत त्या शाखांना घेऊन नवी छत्री उभारणं, पण त्यासाठी निदान दोन मोठ्या शाखांचा लेखी पाठिंबा आधी लागतो. तिसरी वाट आहे त्या संघटनेशी स्पर्धा करण्याची. ती कायदेशीर असली तरी खर्चीक आहे, आणि तिची पहिली झळ खेळाडूंना बसते. दोन्हीकडच्या बंदीच्या धमक्यांमध्ये त्यांचीच उमेदीची वर्षं जातात. पहिल्या दोन वाटा बंद झाल्याचं कागदोपत्री दाखवता येत नसेल, तर तिसरीकडे वळू नये.

अधिकारवाटपाचा करार

घटनेचा मसुदा हातात घेण्याआधी आठ-दहा पानांचा एक करार करा. त्यात प्रत्येक विषयापुढे एकाच संस्थेचं नाव हवं. ‘परस्पर सल्लामसलतीने’ असे शब्द मसुद्यात दिसले की ते तिथेच खोडा, कारण पुढचे बहुतेक खटले त्याच शब्दांतून निघतात. चालणारी वाटणी साधारण अशी असते: खेळाचे नियम, मानांकन, रेफ्रींच्या परीक्षा, जागतिक विजेतेपद आणि प्रक्षेपणाचे हक्क शाखेकडे; ऑलिंपिक समितीशी व्यवहार, बहुक्रीडा स्पर्धांतला सहभाग, डोपिंगविरोधी यंत्रणा आणि शाखांमधले तंटे छत्रीकडे. खेळांचं कॅलेंडर शाखेचं, पण वर्ल्ड गेम्ससारख्या स्पर्धेच्या आठवड्यात कोणतीही शाखा आपली जागतिक स्पर्धा ठेवणार नाही, एवढं बंधन छत्रीने घालावं.

छत्रीला उत्पन्न हवं म्हणून तिच्याकडे एखादी ‘सर्व-प्रकार जागतिक स्पर्धा’ द्यावी, असा प्रस्ताव हमखास येतो. तो मान्य करू नका. छत्री स्पर्धा भरवू लागली की ती आपल्याच सभासदांची प्रतिस्पर्धी होते, आणि प्रायोजक एकाच दाराऐवजी दोन दारं ठोठावून भाव पाडून घेतात.

करारात किताबाचे नेमके शब्द लिहा. ‘वर्ल्ड चॅम्पियन’, ‘वर्ल्ड कप’, ‘वर्ल्ड ओपन’ यांपैकी कोणते शब्द राखीव, पुरुष, महिला, ज्युनिअर, व्हीलचेअर अशा कोणत्या गटांत, आणि नऊ बॉल, दहा बॉल, सहा रेड अशा कोणत्या प्रकारांत. नियमपुस्तकाचा कॉपीराइट, भाषांतराचा हक्क आणि मतभेद झाल्यास कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची, तेही इथेच ठरवा.

सभासद कोण

रचना तीन पातळ्यांची असते: शाखा-संघटना, खंडीय महासंघ, राष्ट्रीय महासंघ. अडचण तिसऱ्या पातळीवर येते. अनेक देशांत स्नूकरचा महासंघ वेगळा आणि पूलचा वेगळा असतो. ‘एक देश, एक सभासद’ असा सरसकट नियम केलात, तर त्या दोघांतल्या एकाला तुम्ही घराबाहेर काढता. ‘प्रत्येक शाखेत एका देशाचा एकच सभासद’ हा नियम टिकतो. एकाच महासंघाकडे दोन शाखा असतील तर त्याला दोन्ही शाखांत स्थान द्या.

अर्जासोबत देशातल्या नोंदणीचं प्रमाणपत्र, घटनेची प्रत, शेवटच्या निवडणुकीचं इतिवृत्त, लेखापरीक्षित हिशेब, राष्ट्रीय स्पर्धेचे मागच्या दोन वर्षांचे निकाल आणि राष्ट्रीय ऑलिंपिक समिती किंवा क्रीडा खात्याचं पत्र मागवा. स्पर्धेच्या निकालांवर विशेष भर द्या. स्थापनेच्या आधी मतांसाठी कागदी महासंघ उगवतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र असतं, लेटरहेड असतं, पण चौसष्ट खेळाडूंचा ड्रॉ नसतो. अर्ज आल्यापासून मताधिकार मिळेपर्यंत किमान एक वर्षाचा काळ ठेवा.

नोंदणी कुठे

बहुतेक आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना स्वित्झर्लंडमध्ये नोंदवल्या जातात, त्याचं कारण तिथला साधा असोसिएशन कायदा. नागरी संहितेच्या कलम ६० ते ७९ मध्ये तो मावतो. ना-नफा उद्देशाची संघटना लेखी घटना मंजूर झाली की कायदेशीर व्यक्ती ठरते, आणि घटनेत वेगळं लिहिलं नसेल तर कर्जाची जबाबदारी फक्त संघटनेच्या मालमत्तेपुरती राहते. ती व्यापारी स्वरूपाचा व्यवसाय चालवत असेल किंवा तिला लेखापरीक्षण सक्तीचं असेल, तर व्यापारी नोंदवहीत नाव घालावं लागतं. अशा नोंदणीची सक्ती असलेल्या संघटनेचं प्रतिनिधित्व करू शकेल अशी निदान एक व्यक्ती स्वित्झर्लंडची रहिवासी असावी लागते. हा माणूस आधी शोधून ठेवा.

तीन कलमं मसुदा करणाऱ्याच्या समोर भिंतीवर चिकटवलेली असावीत. कलम ६४ नुसार एक-पंचमांश सभासद विशेष सभा मागू शकतात. कलम ६८ नुसार एका बाजूला संघटना आणि दुसऱ्या बाजूला सभासद स्वतः, त्याचा जोडीदार किंवा थेट रक्ताचा नातेवाईक असेल, अशा व्यवहारावर त्या सभासदाला मत देता येत नाही. कलम ७५ नुसार कायद्याविरुद्ध किंवा घटनेविरुद्ध झालेल्या ठरावाला, तो कळल्यापासून एका महिन्याच्या आत कोर्टात आव्हान देता येतं. हे शेवटचं कलम नाराज सभासद नेमकं वापरतात.

मतांचं गणित

इथे घाई केली तर पुढची दहा वर्षं पस्तावावं लागतं. समजा १२० सभासद आहेत: ७० पूलचे, ३० स्नूकरचे, २० कॅरम बिलियर्ड्सचे. ‘एका सभासदाला एक मत’ ठेवलं तर पूलवाले एकटे सगळं बदलू शकतात. पुढच्या सभेपर्यंत इतर दोघे बाहेर. उलट प्रत्येक शाखेला समान वजन दिलं तर २० सभासदांची शाखा ७० सभासदांच्या शाखेच्या बरोबरीने बसते, आणि मोठी शाखा वर्गणी रोखते. यातून मार्ग दुहेरी बहुमताचा. नेहमीच्या कामाला एकूण मतांचं साधं बहुमत पुरे. पण घटनादुरुस्ती, वर्गणीवाढ, शाखेचा प्रवेश वा हकालपट्टी आणि अधिकारवाटपाच्या करारातला बदल, या चार विषयांना एकूण दोन-तृतीयांश मतं आणि शिवाय प्रत्येक शाखेत साधं बहुमत लागेल असं लिहा.

आता ‘बहुमत’ म्हणजे काय, ते पाहा. सभागृहात ४० मतदार आहेत. ठरावाच्या बाजूने १९, विरुद्ध १५, तटस्थ ६. ‘दिलेल्या वैध मतांचं बहुमत’ असा शब्दप्रयोग असेल तर ३४ पैकी १८ लागतात आणि ठराव मंजूर होतो. ‘उपस्थितांच्या मतांचं बहुमत’ असेल तर २१ लागतात आणि तोच ठराव पडतो. घटना गप्प असेल तर स्विस कायद्याच्या कलम ६७ नुसार उपस्थितांचं बहुमत धरलं जातं, म्हणजे तटस्थ राहणारा प्रत्यक्षात विरोधात मोजला जातो. म्हणून व्याख्येच्या कलमात ‘तटस्थ आणि अवैध मतं मोजली जाणार नाहीत’ हे वाक्य स्पष्टपणे घाला.

कोरमचा (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा) घोटाळा याहून जास्त वेळा होतो. समजा ८० सभासद, कोरम निम्म्याचा, सकाळी ४३ हजर. घटनादुरुस्ती विषयपत्रिकेत शेवटी. दुपारी पाच प्रतिनिधी विमान गाठायला निघून जातात, उरलेले ३८ जण ती एकमताने मंजूर करतात आणि महिन्याच्या आत कोर्टाची नोटीस येते. उपाय दोन आहेत: घटनादुरुस्ती हजेरीनंतर लगेच घ्या, आणि प्रत्येक मतदानाआधी हजर मतांचा आकडा मोठ्याने वाचून इतिवृत्तात नोंदवा.

मुखत्यारपत्रावर एका प्रतिनिधीला एकाहून जास्त मतं देऊ नका. तीन-चार मतं खिशात घेऊन फिरणारा माणूस सभेतला खरा अध्यक्ष होतो. अध्यक्षपदाचा कार्यकाळ चार वर्षांचा आणि जास्तीत जास्त तीन वेळा, कार्यकारी मंडळात प्रत्येक शाखेचा किमान एक सदस्य, महिलांसाठी ठरलेल्या जागा आणि खेळाडूंनीच निवडलेला एक मतदार प्रतिनिधी हे पहिल्याच घटनेत असू द्या. नंतर घालायचं म्हटलं की ज्यांच्या खुर्च्या जातात त्यांचीच मतं लागतात.

स्थापना-सभा

नव्वद दिवस आधी सूचना, साठ दिवस आधी उमेदवारी अर्ज आणि दुरुस्त्यांची शेवटची तारीख, तीस दिवस आधी अंतिम कागद. त्यानंतर आलेली दुरुस्ती, कोणाचीही असो, सभेपुढे येणार नाही. मताधिकार तपासणाऱ्या तिघांच्या समितीत कोणत्याही पदाचा उमेदवार नको. सभेच्या आदल्या संध्याकाळी तिने मतदारयादी दारावर लावावी, हरकती लेखी घ्याव्यात आणि सकाळी सभा सुरू होण्याआधी निकाल द्यावा.

कामाचा क्रम असा: हजेरी, तात्पुरता अध्यक्ष आणि मतमोजणीस, अधिकारवाटपाच्या कराराला मंजुरी, घटना, वर्गणी, मग निवडणूक. निवडणूक आधी घेतली की हरलेला गट घटनेवर सूड उगवतो. घटना वाचून झाल्यावर प्रत्येक पानावर दोन सह्या घ्या. शेवटच्याच पानावर सही असलेल्या प्रतींमध्ये मधलं पान बदलल्याचा आरोप सहज करता येतो आणि तो खोडून काढता येत नाही.

पैसा

बँक खातं उघडायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागतो. वेगवेगळ्या देशांतले सही करणारे आणि रोखीत वर्गणी देऊ पाहणारे सभासद बँकेला नको असतात. सर्व पदाधिकाऱ्यांचे पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे स्थापनेच्या आधीच गोळा करा, आणि निर्बंध असलेल्या देशांतला सही करणारा ठेवू नका. खात्यावर नेहमी दोन सह्या, त्यांपैकी एक खजिनदाराची. लेखापरीक्षक बाहेरचा हवा, कायद्याने सक्ती नसली तरीही.

वर्गणी तीन पायऱ्यांची ठेवा आणि पायरी खेळाडूंच्या संख्येवर नाही तर महासंघाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरवा. संख्येवर ठरवली की सगळे खेळाडू लपवू लागतात. वर्गणी थकली तर मताधिकार आपोआप थांबावा. त्यासाठी मंडळाचा निर्णय लागू नये, नाहीतर मित्रांची थकबाकी कोणाला दिसत नाही.

बक्षिसाच्या रकमेकडे विशेष लक्ष हवं. स्पर्धा झाली, ट्रॉफी मिळाली आणि पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत, हे या खेळातलं जुनं दुखणं आहे. मंजुरीची अटच अशी करा की जाहीर केलेली पूर्ण रक्कम स्पर्धेच्या तीस दिवस आधी त्रयस्थ खात्यात जमा होईल किंवा तेवढ्याची बँक हमी येईल. न आल्यास मंजुरी रद्द, आणि त्याच दिवशी खेळाडूंना कळवायचं, म्हणजे त्यांची तिकिटं वाचतील.

टेबल आणि बॉल

साहित्याची प्रमाणं शाखेने ठरवायची, छत्रीने ती एका यादीत आणायची. स्नूकरच्या टेबलावर कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडांच्या) आतली खेळाची जागा ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर, बॉल ५२.५ मिलिमीटरचा, फरक ०.०५ पर्यंत चालतो, आणि एका सेटमधल्या बॉलच्या वजनात तीन ग्रॅमहून जास्त तफावत नको. पूलची जागा २५४ बाय १२७ सेंटिमीटर, बॉल ५७.१५ मिलिमीटर. कॅरम बिलियर्ड्सची २८४ बाय १४२ सेंटिमीटर, बॉल ६१ ते ६१.५ मिलिमीटर आणि टेबलाची स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) गरम केलेली.

आकडे छापणं सोपं, मोजणी अवघड. पूलच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड ४.५ ते ४.६२५ इंच असायला हवं. मोजायचं ते कुशनच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, कापड ताणून बसवल्यानंतर. कापडाआधी मोजलेलं पॉकेट कापड चढल्यावर किंचित अरुंद होतं. एका टेबलावर ४.५ आणि शेजारच्यावर ४.६२५ हे दोन्ही नियमात बसतं, तरी त्याच स्पर्धेत दोन खेळाडू वेगळा खेळ खेळत असतात. म्हणून मंजुरीपत्रात एकच माप लिहा आणि तपासनीसाने पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्या टेबलांची मोजमापं सहीने द्यावीत.

मंजुरी आणि बंदी

बहुतेक संघटना इथे अडखळतात. बाहेरच्या प्रवर्तकाच्या स्पर्धेत खेळलास तर बंदी, असं एक ओळीचं कलम घटनेत घालण्याचा मोह होतो. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या प्रकरणात असे नियम स्पर्धा-कायद्याविरुद्ध ठरवले. स्वतः स्पर्धा भरवणारी संघटना दुसऱ्याच्या स्पर्धेला परवानगी देण्याचा अधिकार वापरत असेल, तर निकष आधी जाहीर केलेले, स्पष्ट, वस्तुनिष्ठ आणि भेदभाव नसलेले हवेत, आणि शिक्षा प्रमाणात हवी.

व्यवहारात त्याचा अर्थ असा. अर्जाचा नमुना जाहीर असावा. निकष फक्त खेळाडूंच्या हिताचे असावेत: बक्षिसाची हमी, टेबलाचं प्रमाण, पात्र रेफ्री, डोपिंग चाचणीची सोय, विमा, तारखांचा टकराव. निर्णय तीस दिवसांत, कारणांसह. तीस दिवसांत उत्तर गेलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं. निर्णय देणाऱ्यांत स्पर्धेच्या धंद्यात हितसंबंध असलेला कोणी नको. खेळाडूला शिक्षा करायचीच झाली तर पहिल्यांदा ताकीद, मग मानांकनातले गुण. आजीवन बंदी या कलमात कधीच नको.

डोपिंग आणि सचोटी

जागतिक डोपिंगविरोधी संहितेवर सही केल्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. चाचण्या स्वतः करण्याऐवजी इंटरनॅशनल टेस्टिंग एजन्सीसारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्या. या खेळातला खास मुद्दा बीटा-ब्लॉकर्सचा. ते हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी करतात, म्हणून बिलियर्ड्सच्या सर्व प्रकारांत स्पर्धेदरम्यान त्यांना बंदी आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांत ते असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण काचबिंदूच्या थेंबांतलं टिमोलॉलही त्याच गटातलं आहे. या खेळात पन्नाशीपुढचे खेळाडू भरपूर. नोंदणीच्या अर्जातच औषधांची यादी मागा आणि उपचारार्थ सवलतीचा अर्ज कसा करायचा ते त्याच पानावर लिहा.

सामनेनिश्चिती (मॅच फिक्सिंग) रोखायला फक्त पाच ओळींची आचारसंहिता पुरत नाही. जून २०२३ मध्ये व्यावसायिक स्नूकरच्या संघटनेने दहा चिनी खेळाडूंवर कारवाई केली, त्यांतल्या दोघांवर आजीवन बंदी घातली. एकास एक सामन्यात एक फ्रेम (डाव) सोडून देणं सोपं असतं आणि प्रेक्षकाला ते पॉकेटमध्ये बॉल घालण्याच्या चुकलेल्या फटक्यासारखंच दिसतं. त्यामुळे स्वतःच्या खेळावर पैज न लावणं, आतली माहिती न देणं, आमिष आल्यास ठरलेल्या मुदतीत कळवणं आणि तपासात फोन दाखवणं ही चार बंधनं खेळाडू, प्रशिक्षक, रेफ्री आणि पदाधिकारी सगळ्यांवर, वार्षिक नोंदणीच्या सहीतूनच यावीत. अपील लोझानच्या क्रीडा लवादाकडे. वेगळी मुदत लिहिली नसेल तर निर्णय मिळाल्यापासून एकवीस दिवस.

मान्यतेचा अर्ज

मान्यता आणि ऑलिंपिकमधला प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलियर्ड्सला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, तरी खेळ ऑलिंपिकच्या कार्यक्रमात आलेला नाही. सभासदांना हे पहिल्याच सभेत सांगा, नाहीतर चार वर्षांनी वर्गणी बंद होते.

अर्जाला जोडायची फाइल स्थापनेच्या दिवसापासून भरत जा: प्रत्येक सभेची मूळ इतिवृत्तं, खंडवार सभासदयादी, पुरुष आणि महिला दोन्ही गटांच्या जागतिक स्पर्धांचे निकाल, लेखापरीक्षित हिशेब, डोपिंग चाचण्यांचे आकडे, खेळाडू आयोगाच्या निवडणुकीचा निकाल, अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण. हे कागद अर्जाच्या आदल्या महिन्यात तयार केलेले असतील तर तारखांवरून लगेच कळतं. सगळ्यात वरचा कागद अधिकारवाटपाच्या कराराचा ठेवा, सर्व शाखांच्या सह्यांचा. दुसरी एखादी संघटना त्याच खेळावर हक्क सांगत असेल तर अर्ज तिथेच अडकतो, आणि तो वाद कुठे मिटला हे दाखवणारा तोच एक कागद तुमच्याकडे असतो.